टॉवरखालचं माहेर

उद्धवराव उजव्या हातानं दात घासत होते आणि डाव्या हातानं समाज जागा करत होते. समाज जागा करायचं काम ते रोज सकाळी मोबाइलवर करत, आणि आजवर त्यात कुणाला इजा झाली नव्हती. त्या दिवशी मात्र डाव्या अंगठ्यानं घात केला.

मेसेज होता, 'मोबाइल टॉवरखाली राहणाऱ्या गर्भवती भगिनींनो, सावधान!' पुढं लाल अक्षरं, मेलेल्या चिमणीचा फोटो, आणि 'परदेशी शास्त्रज्ञांनी' लावलेले भयंकर शोध. कुठला परदेश, कोण शास्त्रज्ञ, काही लिहिलेलं नव्हतं. परदेश एकच असावा आणि तिथं नुसते शास्त्रज्ञच राहत असावेत. आकुर्डीतल्या मैत्री सोसायटीच्या गच्चीवर टॉवर होता, त्याचा करार वाढवायचा की नाही यावर रविवारी कमिटीची बैठक होती, आणि उद्धवराव सेक्रेटरी होते. त्यांनी मेसेजखाली स्वतःची ओळ जोडली, 'आपल्याही इमारतीवर टॉवर आहे. विषय गंभीर आहे. — सेक्रेटरी', आणि कमिटीच्या ग्रुपवर ढकलला.

तो गेला 'दीक्षा-समाधान मंगल परिणय' या ग्रुपवर.

चौथ्या मजल्यावरच्या सोजरबाईंच्या दीक्षाचं लग्न होऊन चांगला काळ लोटला होता. वरात गेली, मांडववाला गेला, उरलेल्या बुंदीचे डबे परत गेले; ग्रुप राहिला. आपल्याकडं लग्नाचा ग्रुप कुणी मोडत नाही. त्यातून बाहेर पडणं म्हणजे भरल्या पंगतीतून ताट ढकलून उठणं. 'अमुक बाहेर पडले' असं तिथं उमटलं की दोन्हीकडची माणसं विचारतात, मानपानात काय कमी पडलं? म्हणून हॉल ठरवण्यापुरते आत घेतलेले उद्धवरावही तिथंच राहिले होते, वधूच्या मावश्यांच्या शुभ सकाळी झेलत.

चूक कळली तेव्हा तोंडात फेस होता. त्यांनी घाईनं मेसेज पुसला. पण 'सर्वांसाठी' पुसायच्या ऐवजी 'फक्त माझ्यासाठी' पुसला. म्हणजे आता तो मेसेज सगळ्या जगाला दिसत होता, एकट्या उद्धवरावांना सोडून.

"काय झालं?" इंदुताईंनी विचारलं.

उद्धवरावांनी सांगितलं. इंदुताईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"अहो, दीक्षाला सातवा लागलाय. या रविवारी ती बाळंतपणाला यायचीये. इथं. टॉवरखाली. आणि त्या ग्रुपमध्ये तिची सासू आहे."

"वाचला नसेल तिनं."

"चिमणीचा फोटो आहे ना? मग वाचला."

चऱ्होलीहून दीक्षाच्या सासूबाईंचा, शेवंताबाईंचा, फोन सोजरबाईंना गेला तो सकाळचा भात उतरायच्या आत. पोरगी धाडणार नाही, बाळंतपण चऱ्होलीलाच होईल. तुमच्याच सोसायटीचा सेक्रेटरी लिहितोय गंभीर हाय म्हणून, मंग आमी काय बोलायचं? एवढं बोलून फोन कट झाला. अर्थात तो शेवंताबाईंनी आपटला की चऱ्होलीच्या रेंजनं, हे कळायला मार्ग नव्हता.

सोजरबाई जिना उतरून आल्या. उद्धवरावांनी दार उघडलं आणि आरडाओरडा ऐकायची तयारी करून उभे राहिले. सोजरबाई ओरडत नाहीत, हे माहीत असूनही. खरी भीती तीच होती.

या बाईंबद्दल थोडं सांगायला हवं. सोजरबाई मूळच्या दौंडकडच्या एका वस्तीवरच्या. नवरा भिवा आकुर्डीच्या गाड्यांच्या कंपनीत रंगखात्यात लागला, तेव्हा त्याच्यामागं आल्या. पुढं चाकणच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटायला लागल्या. फर्स्ट शिफ्टची बस चौकात थांबत नसे. बायकांना अंधारात पार हायवेपर्यंत चालत जावं लागे. युनियनच्या माणसानं अर्ज द्या म्हटलं, ठेकेदारानं बघू म्हटलं. सोजरबाई दुसऱ्या दिवशी डबा घेऊन रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, डोकं बाहेर काढलं, "ओ मावशी, मरायचंय का? हा स्टॉप न्हाई!"

"मी उभी हाय, म्हंजी स्टॉप हाय," सोजरबाई म्हणाल्या, आणि चढल्या.

त्या बसला तिथं स्टॉप आजही आहे. नव्या पोरींना वाटतं तो कंपनीनंच दिला.

तर त्या सोजरबाई दारात उभ्या होत्या.

"मेसेज तुमचा?"

"म्हणजे, तसा फॉरवर्ड…"

"खालची वळ?"

"ओळ माझी," उद्धवराव म्हणाले. "ताई, चुकून गेला हो. मी आत्ता खुलासा टाकतो. 'सदर संदेशात तथ्य नाही.' सही करून टाकतो."

"त्यात तथ्य न्हाई, हे तुमाला ठाव हाय?"

खरं तर सकाळी मेसेजमध्ये तथ्य आहे हेही उद्धवरावांना ठाऊक नव्हतं. पण सकाळी कुणी विचारलं नव्हतं.

"कोणी म्हणतं अपाय आहे, कोणी म्हणतं नाही…"

"सरकार काय म्हणतं?"

"सरकारनं लहरींना मर्यादा घालून दिलीये. बाहेरच्या पुष्कळ देशांपेक्षा कडक आहे म्हणतात."

"मंग आपल्या डोक्यावरचा ती पाळतो का न्हाई, हे कुनी बघितलं?"

उद्धवराव किती तरी वर्षं सेक्रेटरी होते. टॉवरच्या भाड्यात लिफ्टची दुरुस्ती झाली, गेटला कॅमेरे लागले, गच्चीचा गळका कोपरा बुजला, याचा हिशेब ते झोपेतही देऊ शकत. हा प्रश्न मात्र त्यांना कुणी घातला नव्हता, आणि त्यांनी स्वतःला घालायचं कारणच नव्हतं. ते तळमजल्यावर राहत.

"चला," सोजरबाई म्हणाल्या. "कुठं जायाचं असतं ते दावा."

वरून भिवाभाऊंचा आवाज जिन्यातून खाली आला, "उद्धवराव, जावा बरं का गुमान. मी चाळीस वर्सं जातोय."

स्कूटरवरून जाताना सोजरबाई मागून बोलल्या. त्या आपल्याबद्दल फार बोलत नाहीत, आणि तोंडं समोरासमोर असती तर बोलल्याही नसत्या. दीक्षा झाली तेव्हा पिंपरीत पत्र्याची एक खोली होती. आई त्यांच्या लहानपणीच गेलेली, भावजयीनं बोलावलं नाही. भिवा सेकंड शिफ्टला. शेजारणींनी केलं सगळं. कुणी पाणी तापवलं, कुणी रिक्षा आणली.

"शेजारनी चांगल्या हुत्या," सोजरबाई म्हणाल्या. "पन सव्वा महिना मी दाराकडं बघायची. कुनी येनार न्हाई हे ठाव असून. माझ्या पोरीनं दाराकडं बघायचं न्हाई. तिला माहेर हाय."

उद्धवरावांना सिग्नल हिरवा झालेला दिसला नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवले.

महापालिकेच्या कचेरीत खिडकीमागच्या साहेबांनी समजावून सांगितलं, की टॉवरचा लोखंडी सांगाडा त्यांच्याकडं येतो, पण त्यातून निघणाऱ्या लहरी केंद्राकडं येतात. सांगाडा अनधिकृत असेल तर तक्रार करा.

"सांगाडा न्हाई वो लागत पोराला," सोजरबाई म्हणाल्या. "लहरी लागतात."

"लहरी आमच्या खात्यात नाहीत, मावशी."

"मंग ज्याच्या हायेत त्याचं नाव सांगा. मी हितंच बसते."

आणि बसल्या. पिशवीतनं शेंगा काढल्या आणि सोलायला लागल्या. खिडकीपुढं एक बाई शेंगा सोलत बसली, तर कायद्यानं काही करता येत नाही. टरफलं मात्र परत पिशवीत जात होती, त्यामुळं कचरा केला म्हणूनही हटकता येईना. शेवटी साहेबच उठले, आतल्या एका तरुण कारकुनाला घेऊन आले, आणि त्यानं सांगितलं, की दूरसंचार खात्याचं संकेतस्थळ आहे. त्यावर आपल्या भागातला टॉवर शोधता येतो, आणि ठरलेली फी भरून आपल्या घरात येऊन मोजणी करा अशी मागणी कुणालाही करता येते. कुणालाही. त्यासाठी शिकलेलं असायची गरज नाही, ओळख लागत नाही.

"मंग हे लोकांना म्हाईत का न्हाई?" सोजरबाईंनी विचारलं.

"मेसेज फिरत नाही ना, मावशी, याचा," तो म्हणाला. उद्धवरावांनी चपलांकडं पाहिलं.

मागणी उद्धवरावांच्याच मोबाइलवरून गेली. इंदुताई शेजारी बसल्या होत्या; अंगठा कुठं पडतोय यावर त्यांची नजर होती. तारीख मिळायला वेळ लागला. तेवढ्यात एक रविवार गेला आणि दीक्षा आली नाही. त्या दिवशी सोजरबाईंनी डिंकाचे लाडू वळले, डबा भरला आणि फळीवर ठेवला. भिवाभाऊंनी एक मागितला.

"तुमी बाळंत हायसा का?" त्यांनी विचारलं. विषय मिटला.

तारीख आली तशी सोजरबाईंनी चऱ्होलीला फोन लावला. "इहीनबाई, जय भीम. सरकारचं मशीन यायचंय. तुमच्या डोळ्यांदेखत मोजायचं. समाधानला सुट्टी टाकू दे न्हाईतर नगं, तुमी या."

आणि मग घर असं आवरलं गेलं, की उद्धवरावांना दीक्षाला बघायला समाधानचे लोक आले होते तो दिवस आठवला. तोच धुतलेला पडदा, तेच पोहे, तीच बशांची मांडणी. फक्त बघायला येणार होतं यंत्र. शेवंताबाई ठेवणीतलं पातळ नेसून आल्या. उंच, रुंद बाई, चेहऱ्यावर 'मला गुंडाळू नका' असा भाव. आल्याआल्या त्यांनी उद्धवरावांना खालीवर न्याहाळलं.

"हेच का ते? गंभीरवाले?"

"हेच," इंदुताई म्हणाल्या. नवऱ्याची बाजू घ्यायला त्यांना काही घाई नव्हती.

मोजायला आलेली इंजिनिअर सायली अगदी कोवळी दिसत होती. सोबत एक मदतनीस, तिपाई, आणि काठीच्या टोकाला चेंडूसारखा गोळा बसवलेलं यंत्र. शेवंताबाईंनी ते दिसताच पदर डोक्यावरून घेतला. सायलीनं आधी गच्चीवर मोजलं, मग गॅलरीत, मग स्वयंपाकघरात, आणि शेवटी दीक्षाच्या खोलीत पलंगाशेजारी तिपाई लावली. "काही मिनिटं कुणी जवळ येऊ नका, मोबाइल बंद ठेवा," ती म्हणाली. सगळे भिंतीला पाठ लावून रांगेत उभे राहिले.

"हसायचं का?" भिवाभाऊंनी हळूच विचारलं. सोजरबाईंनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. ते हसले नाहीत.

यंत्र टुकटुक करत राहिलं. सोजरबाईंचे ओठ घट्ट मिटले होते आणि हात पदराच्या टोकाला पीळ घालत होते. ही बाई बससमोर उभी राहिली तेव्हाही अशीच दिसली असेल, असं उद्धवरावांना वाटलं. पहिल्यांदाच त्यांना तो मेसेज चूक म्हणून न आठवता कुणाला तरी लागलेली वस्तू म्हणून आठवला.

"मर्यादेच्या पुष्कळ खाली आहे," सायली म्हणाली. "सगळ्या खोल्यांत."

भिवाभाऊंनी सुस्कारा टाकला. उद्धवराव टाळी वाजवणार होते. पण शेवंताबाई पुढं झाल्या.

"खाली म्हंजी? न्हाईच का?"

"नाहीच असं नाही, आजी. आहे, पण कमी. सरकारनं जेवढं चालेल म्हटलंय त्याच्या खूप खाली. आणि एवढ्यानं अपाय होतो, असं आजवरच्या अभ्यासात पक्कं दिसलेलं नाही."

"पक्कं न्हाई. म्हंजी कच्चं दिसलंय?"

उद्धवरावांनी मनातल्या मनात सायलीला हात जोडले. पोरी, बोल की एखादं गोड खोटं, पोहे निवतायत.

"अभ्यास अजून चालू आहेत जगभर," सायली म्हणाली. "उद्या काही नवीन कळलं तर मर्यादा बदलेल. आज जे माहिती आहे ते मी सांगितलं. त्यापुढचं सांगितलं तर ते माझं मत होईल."

"बघा!" शेवंताबाई वळल्या. "हिलाच खात्री न्हाई."

"इहीनबाई," सोजरबाई म्हणाल्या, "तिला खोटं बोलायचं असतं, तर खात्रीनं बोलली असती."

पोहे आले. सायलीनं खाता खाता विचारलं, दीक्षा सध्या कुठं असते, तिथं रेंज कशी आहे?

"रेंज?" शेवंताबाईंचा जुना घाव उघडला. "बया, रेंज कुठली? नव्या बिल्डिंगी झाल्यात, मानसं ह्येऽऽ एवढी आल्यात, टॉवर न्हाई. गॅलरीत अर्धं लोंबकळावं तवा आवाज जातो. पोरगी तासतास कानाला लावून हॅलो हॅलो करती."

"मग तिला सांगा, इयरफोन लाव, नाहीतर स्पीकरवर बोल," सायली म्हणाली. "रेंज कमी असली की फोनलाच जास्त जोर लावावा लागतो, आणि तो अगदी कानाशी असतो."

शेवंताबाईंनी हातातल्या मोबाइलकडं असं बघितलं, जसं दुधाला तोंड लावलेल्या घरच्या मांजराकडं बघावं.

सायली गेली. सगळं ठरल्यासारखं झालं होतं, पण ठरलं नव्हतं. शेवंताबाई पलंगावर बसल्या, छताकडं बघितलं. छताच्या वर गच्ची, गच्चीवर तो.

"मशीन घटकाभर आलं, गेलं. पोरगी रात्रंदिवस ऱ्हानार," त्या म्हणाल्या. आवाजातली धार गेली होती. "पयलं नातवंड हाय, सोजरबाई. मला भ्या वाटतं. ते आकड्यानं जात न्हाई."

सोजरबाई त्यांच्याशेजारी बसल्या. "मंग ऱ्हावा."

"काय?"

"तुमी ऱ्हावा. ह्याच खोलीत, ह्याच पलंगावर. मशीन सरकारसाठी झालं. आता तुमच्यासाठी तुमी बघा."

मुलाच्या आईनं सुनेच्या माहेरी जाऊन मुक्काम टाकायचा! व्याह्यांकडं सकाळी यावं, जेवावं, वाढताना नको नको म्हणावं आणि उजेडात परतावं, ही रीत.

"लोक काय म्हनतील?"

"म्हनतील, इहिनी-इहिनींचं लई जमतंय. म्हनू द्या."

शेवंताबाई राहिल्या. उद्धवराव रोज सकाळी पेपरचं निमित्त करून चौथ्या मजल्यावर जात आणि झोप कशी लागली ते विचारत. झोपेचा प्रश्नच नव्हता. शेवंताबाईंचं घोरणं तिसऱ्या मजल्यावरच्यांनी कमिटीकडं तोंडी कळवलं होतं. गंमत निराळीच झाली. शेवंताबाईंच्या मोबाइलला आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या दांड्या आल्या. लातूरच्या बहिणीचा चेहरा हलता दिसला, न अडखळता. मग नणंदेचा. मग जिच्याशी भांडण होतं त्या जावेचा. ते भांडण मिटलं, की पुन्हा नव्यानं झालं, नक्की कळलं नाही. सायलीनं सांगितल्यापासून त्या सगळं स्पीकरवर बोलत, त्यामुळं शेवंताबाईंच्या माहेरची परिस्थिती आता सोसायटीला पाठ होती.

आणि मधल्या वेळात दोघी विहिणी गॅलरीत भाजी निवडत बसत. काय बोलत ते उद्धवरावांना ऐकू आलं नाही. एकदाच कानावर पडलं. शेवंताबाई म्हणत होत्या, "आन मंग सव्वा म्हयना कुनीच न्हाई आलं?" सोजरबाईंनी मेथीची जुडी सोडली आणि मान हलवली. शेवंताबाईंनी आपल्या पुढ्यातली जुडी बाजूला ठेवली, त्यांच्या हातातली घेतली आणि निवडायला लागल्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी चऱ्होलीला फोन लावला. अर्थात स्पीकरवर. "समाधान, दीक्षाला घेऊन ये. व्हय, आकुर्डीला. आन ऐक, माझी लुगडी बी आन. बाळंतपनाला दोन मानसं लागतात."

भिवाभाऊंचं अंथरूण कायमचं हॉलमध्ये आलं. सोजरबाईंना घरात दुसरं राज्य नको होतं, हे त्यांच्या भुवईनं सांगितलं. पण तोंडानं त्या "या की" एवढंच म्हणाल्या.

मोजणीसाठी पुढं ढकललेल्या कमिटीच्या बैठकीत कराराचा विषय निघाला, तेव्हा सोजरबाई बोलावल्याशिवाय येऊन बसल्या. टॉवर ठेवा, त्या म्हणाल्या, लोकांना फोन लागतोच. पण वर नवी तबकडी चढली, की पुन्हा मोजणी झालीच पाहिजे, आणि मोजलेलं गेटवर लावायचं, कुणालाही वाचता येईल असं. कुणी म्हणालं, एवढं कोण करणार? सोजरबाईंनी उद्धवरावांकडं बघितलं. उद्धवरावांनी हात वर केला. तो ठराव त्यांच्याच हस्ताक्षरात आहे.

दीक्षा आली तेव्हा दुपार होती. रिक्षातून उतरून तिनं वर बघितलं, तर चौथ्या मजल्याच्या गॅलरीत दोन आया शेजारी शेजारी, दोघींचे हात कमरेवर. लिफ्टनं ती वर पोचली. सोजरबाईंनी उंबऱ्यातच तिच्या पायांवर पाणी घातलं, डोळ्यांना लावलं, आणि तिला धरून आत नेलं. पलंगावर बसवून उशी पाठीशी लावली, लाडवांचा डबा फळीवरून काढला. शेवंताबाई म्हणाल्या, "आधी ताक द्या, उन्हातनं आलीया." सोजरबाई म्हणाल्या, "माझी पोर हाय, मला कळतं." पहिली ठिणगी पडली. घर घरासारखं झालं.

उद्धवराव दीक्षाची बॅग घेऊन मागून आले होते. त्यांनी ती कोपऱ्यात ठेवली. सोजरबाई लाडू काढून बशीत ठेवत होत्या. इतके दिवस मनात घोळत असलेलं उद्धवरावांनी विचारून टाकलं.

"सोजरबाई, समजा आकडा जास्त आला असता, तर दीक्षाला कुठं ठेवली असती हो?"

सोजरबाईंनी डब्याचं झाकण लावलं.

"हितंच. टॉवर हलवला असता."